ट्राउट म्हणतात, पण निघाला ढोम्याचा भाऊ: गॅल्व्हेस्टनच्या खाडीतली गळमासेमारी

खाडीकाठ
शुक्रवार, रात्री ९:१०

क्रिकेटच्या धाग्यावर ओघात "उद्या पहाटे ट्राउटला जायचंय, झोपतो आता" असं लिहून गेलो आणि चौघांनी एकदमच धरलं. ह्यूस्टनच्या उकाड्यात ट्राउट कुठला? तो तर काश्मीरच्या थंडगार ओढ्यांतला ना? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

तर हा ट्राउट नाहीच. नाव स्पेकल्ड ट्राउट, शास्त्रीय नाव सायनोसायॉन नेब्युलोसस, आणि कूळ सायनिडी, म्हणजे आपल्या घोळीचं आणि ढोम्याचं. पाठीवर काळे ठिपके पाहून इथे आलेल्या गोऱ्यांना त्यांच्याकडचा ट्राउट आठवला असणार. तोंड आतून पिवळंधमक, वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे. पहिला धरला तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती अलिबागकडची. बघून म्हणाली, "अरे, हा ढोमाच की. जरा पावडर लावलेला."

आमच्यापासून गॅल्व्हेस्टन बे पाऊण तासावर. विस्तार सुमारे ६०० चौरस मैल, पण सरासरी खोली जेमतेम दोन मीटर. तळाशी जागोजाग कालवांचे थर, काठाने खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल. आपल्यासारखी खारफुटीची भिंत नाही, मांडीएवढं-कमरेएवढं स्पार्टिना गवत. या गवतात कोळंबी, चिंबोऱ्या आणि बोयीची पिल्लं वाढतात. ओहोटी लागली की पाणी गवतातून निथळून बारक्या नाळांवाटे खाडीत उतरतं, सोबत कोळंबीही उतरते, आणि नाळेच्या तोंडाशी ट्राउट वाट बघत असतो. वाचायला सोपं वाटतं. मी पहिलं दीड वर्ष हात हलवत घरी येत होतो.

कारण मी अलिबागची भरती डोक्यात घेऊन आलो होतो. लहानपणी मामाबरोबर गरी टाकलेली, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग (पाणी कमी चढतं ते दिवस), दिवसात दोन भरत्या, हे सगळं अंगात मुरलेलं. तिकडे उधाणाला चार-पाच मीटर पाणी वरखाली होतं. इथे? दीड-दोन फूट. मेक्सिकोचं आखात बहुतेक बाजूंनी बंद, त्यामुळे भरतीची लाट आत येता येता दमते. बरेच दिवस तर चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी. पहिल्यांदा इथला भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

मग चंद्र एवढा अशक्त असेल तर पाणी हलवतं कोण? वारा. हे मी कसं शिकलो ते सांगतो.

२०१९चा नोव्हेंबर. याच खाडीचा पूर्वेकडचा फाटा म्हणजे ईस्ट बे, त्याच्या उत्तर काठावर ॲनावॅकचं अभयारण्य आहे, मैलोन्‌मैल खाजण. तक्त्यात अकराला भरती. मी पहाटे कयाक लोटली आणि पाणी चढेल तसा गवतात आत आत जायचं ठरवलं. दक्षिणेचा दमट वारा होता, मासा वेड्यासारखा लागत होता, तासाभरात चार. आठच्या सुमाराला वारा एकदम पडला. दहा मिनिटं पान हललं नाही. मग उत्तरेकडे निळसर काळी पट्टी दिसली आणि तापमान असं घसरलं की कुणीतरी शीतकपाटाचं दार उघडलं. याला इथे नॉर्दर म्हणतात. मी मूर्खासारखा अजून अर्धा तास थांबलो, कारण तक्ता म्हणत होता पाणी चढतंय.

चढत कुठलं! उत्तरेच्या वाऱ्याने ती अख्खी उथळ परात तिरकी केली आणि पाणी आखाताकडे ओतून दिलं. साडेदहाला माझ्या कयाकखाली चिखल होता. अकराला, म्हणजे ऐन भरतीच्या मुहूर्तावर, मी गुडघ्याएवढ्या काळ्या चिखलात कयाक दोरीने ओढत चाललो होतो. अडीच तास. मध्ये कालवांच्या थरावर पाय पडला आणि बुटाच्या वर पोटरी कापली गेली. धरलेले चार मासे मात्र सोडले नाहीत, हे अभिमानाने नमूद करतो.

संध्याकाळी आमिषाच्या दुकानात गेलो. मालक व्हिएतनामी आजोबा आहेत. १९७५नंतर हजारो व्हिएतनामी या किनाऱ्यावर आले, कोळंबीच्या बोटी चालवू लागले, आणि १९८१ साली इथल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या लोकांनी त्यांना धमकावून हाकलायचा प्रयत्न केला होता, जो शेवटी कोर्टाने थांबवला. त्या पिढीतला माणूस. माझी पोटरी पाहून हसले, जिवंत कोळंबी मोजता मोजता म्हणाले, "तक्ता चंद्राचा असतो. इथे पाण्याला वारा विचारायचा."

तेव्हापासून मी तक्ता बघतो, पण आधी वारा बघतो. आग्नेयेचा हलका वारा दोन-तीन दिवस टिकला की पाणी खाजणात साठतं आणि हिरवं होतं. नॉर्दरच्या आदल्या दिवशी मासा खातो. नॉर्दर गेल्यावर खाजण कोरडं पडतं, तेव्हा मासा जवळच्या खोल नाळेत गोळा झालेला असतो, कारण त्याला जायला दुसरी जागाच नसते. सध्या एवढंच. कयाक, दांडा, दोरी यावर विचारा, पण खरं सांगू का, दुकानातल्या भिंतीभर टांगलेल्या वस्तूंनी मासा कमी आणि माणूस जास्त गळाला लागतो.

पाणकावळा
शुक्रवार, रात्री ९:४८

जबरदस्त. "ऐन भरतीच्या मुहूर्तावर चिखलात" ला फुटलो. पुढचं लिहा. पण गळाला नेमकं काय लावता? ते पाण्यावर टॉक-टॉक वाजवतात ते काय असतं? मी फ्लोरिडाला जहाजावर... म्हणजे क्रूझवर असताना धक्क्यावर एक जण सारखा दांड्याला हिसके देत होता, मला वाटलं त्याला आकडी येतेय.

शंकेखोर
शुक्रवार, रात्री १०:०५

घोळीचं कूळ? घोळ तर दीड मीटरची होते आणि लाखांत जाते. २०२१ मध्ये पालघरच्या एका मच्छिमाराला घोळीची लॉटरी लागल्याची बातमी आली होती. हा तुमचा ट्राउट किती मोठा? आणि कूळ एक असल्याचा पुरावा काय, आईचं मत सोडून? (आईंचा अनादर नाही.)

खाडीकाठ
शुक्रवार, रात्री १०:४०

@शंकेखोर, आईचं मत सोडून पुरावा म्हणजे आवाज. घोळीचे लाख रुपये मांसाला मिळत नाहीत, तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला मिळतात, ज्याला आपल्याकडे बोत म्हणतात. सायनिडी कुळातले बरेच मासे याच पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवतात, म्हणून इंग्रजीत या कुळालाच ड्रम म्हणतात. ट्राउटमध्ये हे फक्त नर करतो. एप्रिल ते सप्टेंबर वीणीचा हंगाम, सूर्य मावळला की खाडीच्या तोंडाशी नर जमतात आणि घुमायला लागतात. शांत संध्याकाळी कयाकच्या तळातून ते पायाला जाणवतं.

आकार म्हणाल तर रोजचा मासा १४-१८ इंच. २५ इंची म्हणजे गावभर फोटो. टेक्सासचा विक्रम ३७.२५ इंचांचा आहे, २००२ साली दक्षिण टेक्सासच्या लोअर लगुना माद्रे या उथळ खाडीत धरलेला. जागतिक वजनाचा विक्रम फ्लोरिडाच्या फोर्ट पिअर्सचा, १७ पौंड ७ औंस, १९९५. मोठे मासे जवळपास सगळे माद्याच असतात.

@पाणकावळा, त्याला आकडी येत नव्हती. त्याला पॉपिंग कॉर्क म्हणतात. आपल्या गळाच्या भेंडाचाच प्रकार, पण वरचं टोक खोलगट आणि तारेवर दोन मणी. हिसका दिला की खोलगट टोक पाणी उडवतं आणि मणी खडखडतात. लांबून ऐकणाऱ्या ट्राउटला वाटतं, दुसरा कुणीतरी पृष्ठभागावर कोळंबी मटकावतोय, आणि तो बघायला येतो. जेवणावळीत वाढपी आला की पंगतीतला माणूस मान वळवतो तसंच. भेंडाखाली दीड-दोन फूट दोरी आणि गळाला जिवंत कोळंबी. कोळंबीच्या डोक्यावरच्या करवती काट्याखाली गळ आडवा घालायचा, आत जो काळा ठिपका दिसतो तो चुकवायचा. ठिपक्याला लागला की कोळंबी मेली. दोन हिसके, मग थांबायचं. मासा त्या थांबण्यात लागतो. नवखा माणूस सतत हिसके देत बसतो, मीही द्यायचो.

आणि भेंड बुडालं की जोरात ओढायचं नाही! याचं तोंड कागदासारखं पातळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याचा सख्खा चुलतभाऊ आहे, त्याचं नावच वीकफिश. दोरी फक्त ताणायची, गुंडाळत राहायचं, आणि शेवटी जाळीने उचलायचा. माझा आजवरचा सगळ्यात मोठा ट्राउट मी हौसेने दांड्यानेच उचलून कयाकमध्ये घेत होतो. पाण्याबाहेर आला आणि तोंड फाटून परत पाण्यात. त्याची लांबी मी सांगत नाही, दर वर्षी ती वाढते.

टेक्सासची_सून
शनिवार, सकाळी ७:१५

मी ह्यूस्टनजवळ कॅटीला राहते, खूप वर्षं झाली, आणि हा मासा एकदाही दुकानात पाहिलेला नाही! रेडफिश दिसतो, कॅटफिश दिसतो, आशियाई दुकानात गोठवलेला क्रोकर मिळतो. ट्राउट कुठल्या दुकानात मिळेल? नवरा नागपूरचा आहे, त्याला पहाटे उठवून खाडीवर नेणं माझ्याच्याने होणार नाही.

खाडीकाठ
शनिवार, दुपारी १:३०

(आत्ताच आलो. तीन. त्यातला एक सोडला.)

ताई, मिळणारच नाही. १९८१ साली टेक्सासने इथल्या पाण्यातले ट्राउट आणि रेडफिश विकायलाच बंदी केली. रेडफिश दिसतो तो शेतातला, म्हणजे तळ्यात वाढवलेला. ट्राउट खायचा तर स्वतः धरायचा किंवा धरणाऱ्याशी ओळख ठेवायची. ओळख झालीच आहे.

हल्लीचा नियमही सांगतो, कारण लोक जुन्या आठवणींवर जातात आणि दंड भरतात. २०२४पासून टेक्सासात दिवसाला माणशी तीन, आणि लांबी १५ ते २० इंचांच्या मध्येच हवी. त्याहून बऱ्याच मोठ्या, विक्रमी आकाराच्या माशासाठी वेगळ्या टॅगची भानगड आहे. १७ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, बाकी जवळपास सगळ्यांना खाऱ्या पाण्याचा परवाना हवाच, आणि तो कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला बहुधा संपतो. पूर्वी या भागात दिवसाला दहा नेता यायचे. जुनी मंडळी अजून हळहळतात.

निवृत्त_गुरुजी
शनिवार, दुपारी ३:०२

लेख आवडला, पण एक विचारतो, रागावू नका. खायला धरलात तर समजू शकतो. "एक सोडला" हे मात्र कळत नाही. एखाद्याच्या तोंडात काटा अडकवायचा, पाण्याबाहेर काढायचा, फोटो काढायचा आणि मग उदार होऊन सोडायचा. ही कसली दया?

पाणकावळा
शनिवार, दुपारी ३:२०

झालं सुरू. पुढच्या पानावर कुणीतरी शाकाहार आणणार, त्याच्या पुढच्या पानावर धागा बंद.

खाडीकाठ
शनिवार, संध्याकाळी ६:५५

गुरुजी, रागावत नाही. हा प्रश्न मला बायकोने विचारून झालाय, तोही जास्त कडक शब्दांत.

दया म्हणून सोडत नाही. तो २३ इंची होता, म्हणजे जवळपास नक्की मादी. ट्राउटची मादी एका हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घालते, आणि जितकी मोठी तितकी जास्त. ती ठेवणं कायद्याने गुन्हा आणि तसंही अक्कलशून्य. पण तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. फक्त सोडायचे म्हणून पन्नास मासे धरणारे लोक आहेत, आणि सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, प्राणवायू कमी, तेव्हा जास्त मरतात. मी माझ्यापुरतं ठरवलंय: दोन खाण्याजोगे मिळाले की दांडा आवरायचा. हात ओले केल्याशिवाय माशाला लावायचा नाही, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो. गळ खोल गिळला असेल तर खेचाखेची न करता दोरी कापायची. आज तिसरा लागला तो दांडा आवरता आवरता, हे खरं. हे खोटं वाटेल याचीही कल्पना आहे.

दर्यासारंग_नाय
शनिवार, रात्री ८:३०

वाचून बरा वाटला. मी मालवणकडचो, आता ठाण्याक. आमचो आजो रात्री होडयेच्या तळाक कान लावन बसायचो. आवाज इलो की म्हणायचो, "हय आसत, जाळा सोडा." आमका वाटायचा म्हातारो येडो झालो. तुमी कयाकच्या तळाचा लिवलात आणि आज्याची आठवण इली.

एक सांगा, तुमच्याकडे पाग, हातान फेकूचा जाळा, टाकतत काय? गरी टाकून दिवसभर बसण्यापेक्षा पाग बरो.

खाडीकाठ
शनिवार, रात्री ९:०५

आजोबांचं वाचून अंगावर काटा आला. मी इतके दिवस ते ऐकून नुसता "वा, छान" म्हणत होतो, त्यावर जाळं सोडायचं सुचलंच नाही.

पाग आहे, पण फक्त आमिषासाठी: बोयीची पिल्लं, कोळंबी. पागात ट्राउट आला तर तो सोडावाच लागतो, गळानेच धरायचा असा नियम. मला पाग अजून नीट गोल उघडता येत नाही. चंद्रकोर पडते.

खाजणाची_लेक
शनिवार, रात्री १०:१२

मी गोव्याची, दिवाडी बेटाजवळची. वाचताना सारखं वाटत होतं की हे मला माहीत आहे. आमच्याकडे खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आणि बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी दरवाजा, भरतीला आपोआप मिटणारा आणि ओहोटीला उघडणारा. ओहोटीचं पाणी मानशीतून जोरात बाहेर पडतं तिथे जाळं लावतात, आणि कोळंबी, शेवटे, खेकडे त्यात येतात. त्या जागेचा लिलाव होतो, इतकी ती मोलाची. तुमचा ट्राउट नाळेच्या तोंडाशी उभा असतो म्हणजे त्याने फुकटात मानस घेतली म्हणायची!

माझा प्रश्न: तुमच्या खाजणाला बांध नाहीत, मग ते टिकतं कसं?

बायूकाठचा_बाब्या
रविवार, सकाळी ६:४०

टिकत नाही हो. हेच सांगायला लॉग इन झालो, एरवी मी वाचनमात्र.

मी न्यू ऑर्लीन्सजवळ असतो आणि गेली नऊ वर्षं डेलाक्रॉ, होपडेल, लेक पाँचरट्रेनचे पूल या भागांत ट्राउट धरतो. खाडीकाठ यांचं पाणी वाऱ्याचं असेल, आमचं पाणी नदीचं आहे. लुईझियानाचं सगळं खाजण मिसिसिपीने गाळ आणून बांधलं. १९२७च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी पक्के बांध घातले, गाळ खाजणात पसरायचा थांबला आणि थेट खोल समुद्रात जायला लागला. जमीन मुळातच खचणारी. त्यात तेल कंपन्यांनी हजारो मैल कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं आणि गोड्या पाण्याचं गवत मेलं. १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गेली. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सहाशेच्या आसपास, हिशोब करा. माझ्या जीपीएसच्या नकाशावर जिथे बेट दाखवतो तिथून मी बोट भरधाव नेतो.

आणि यातली विचित्र गोष्ट ऐका. खाजण तुटायला लागलं की मासेमारी आधी सुधारते! एका सलग तुकड्याचे दहा तुकडे झाले की कडा वाढतात. कोळंबीला हवी असते ती कडच, गवत आणि पाणी यांची शिवण. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं दिवसाला पंचवीस ट्राउट नेता येत होते आणि लोक म्हणायचे कसली झीज, बघा किती मासा आहे. तुकडे विरघळून नुसतं उघडं पाणी उरलं की मग कडाही जातात. २०२३च्या नोव्हेंबरपासून आमची मर्यादाही २५ वरून १५ वर आली, लांबी १३ ते २० इंच, आणि त्यात २० च्या वरचे फक्त दोन.

नदीच्या बांधाला दार पाडून गाळ परत खाजणात सोडायची मोठी योजना होती, मिड-बाराटारिया नावाची, तीन अब्ज डॉलरच्या आसपासची. कामही सुरू झालं होतं. जुलै २०२५ मध्ये राज्याने ती रद्द केली. खर्चाचा मुद्दा होताच, पण कालवंवाले आणि कोळंबीवालेही विरोधात होते, कारण गोड्या पाण्याच्या लोंढ्याने त्यांचं आजचं पीक गेलं असतं. खाजणाच्या लेकीने म्हटलेली मानस इथेही बांधायची होती, फक्त उलट्या दिशेने उघडणारी. माझ्या ओळखीचे निम्मे लोक रद्द झाल्यावर नाचले आणि निम्मे रडले. मी ट्राउट धरणारा माणूस, मला दोन्ही गटांत बसता येईना. गोडं पाणी आलं असतं तर माझ्या ठिकाणचे मासे पळाले असते. आलं नाही तर ठिकाणच पळणार आहे.

खाजणाची_लेक
रविवार, सकाळी ९:३०

बाब्या, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. आमच्याकडे बांध फुटला आणि कुणी दुरुस्त केला नाही की दोन वर्षांत शेत जाऊन तिथे मासे येतात, आणि काही जण मुद्दाम फोडतात अशी कुजबूजही असते. अगदी तीच भांडणं.

शंकेखोर
रविवार, सकाळी ११:१०

खाडीकाठ, गोड्या पाण्यावरून विचारतो. हार्वी वादळात ह्यूस्टन बुडालं तेव्हा ते सगळं पाणी तुमच्याच खाडीत गेलं ना? मासे मेले?

खाडीकाठ
रविवार, दुपारी २:४५

गेलं, सगळं. २०१७च्या ऑगस्टच्या शेवटी खाडी जवळजवळ गोडी झाली होती. कालवांना उठून जाता येत नाही, ती मेली. ट्राउटला शेपटी आहे. तो खारं पाणी शोधत खाली सरकला. खारं पाणी जड, तळाशी राहतं, म्हणून जहाजांच्या खोल वाटेने आणि तोंडाशी असलेल्या दगडी जेट्ट्यांच्या आसपास गर्दी झाली होती असं ऐकलं. त्या वेळी मी गळ घेऊन नव्हतो, घरातला गालिचा फाडत होतो.

माशाला खरं मारते ती थंडी. पाणी ७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊन राहिलं की ट्राउट उलटा पडायला लागतो. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात, जेव्हा आमची वीज गेली होती, टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यांतले बहुतेक बारके आमिषमासे. ट्राउटला सगळ्यात मोठा फटका बसला तो दक्षिणेला लगुना माद्रेत, कारण तिथे मैलोन्‌मैल गुडघाभर पाणी, खोलात पळायला वेळच मिळाला नाही.

टेक्सासची_सून
रविवार, दुपारी ४:२०

मासा कसा करायचा यावर कुणी बोलतच नाहीये. ढोम्याचा भाऊ आहे तर ढोम्यासारखा करायचा ना? आणि एका मैत्रिणीने सांगितलं की त्यात किडे असतात म्हणून ती खात नाही. ई.

खाडीकाठ
रविवार, संध्याकाळी ५:५०

असतात. लपवत नाही. पाठीच्या मांसात कधी कधी पांढरा, शेवयांसारखा एखादा धागा सापडतो. स्पॅगेटी वर्म म्हणतात. ती एका पट्टकृमीची अळी आहे, तिला मोठं व्हायला शार्कच्या पोटात जायचं असतं. माणसाच्या पोटात तिचं काही भागत नाही, शिजवल्यावर तर नाहीच. मी सुरीच्या टोकाने काढून टाकतो आणि घरात कुणाला सांगत नाही. बायको हा धागा वाचत नसावी.

काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टीची. खाडीला मिळणाऱ्या सॅन जासिंटो नदीकाठी १९६०च्या दशकात कागद गिरणीचा गाळ खड्ड्यांत टाकला होता, त्यात डायॉक्सिन हे विषारी रसायन. शिवाय जहाजवाटेच्या काठची कारखानदारी. खाडीच्या काही भागांतल्या ट्राउट आणि कॅटफिशबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना आहेत, लहान मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांसाठी जास्त कडक. ताजी सूचना बघून घ्या. मी शहराजवळच्या वरच्या टोकाला धरलेला मासा घरी आणत नाही, ईस्ट बेचा आणतो.

करायची रीत: मांस मऊ, पापलेटासारखं घट्ट नाही. बर्फात नीट ठेवला नाही तर संध्याकाळपर्यंत पिठासारखा होतो. आणि गोठवू नका, गोठवला की संपला. तांदळाचं पीठ आणि रवा लावून मंद तव्यावर. कालवणाला तुकडे शेवटी सोडायचे, आंबट आणि तिरफळ आधी उकळून घ्यायचं, आणि नंतर पळी घालून ढवळायचं नाही, टोप हलवायचा.

पाणकावळा
रविवार, संध्याकाळी ६:३०

आणखी एक. मी यूट्यूबवर पाहिलं, जिवंत क्रोकर मासा आमिष म्हणून लावला की ट्राउट चिडून मारतो, कारण क्रोकर त्याची अंडी खातो म्हणे. खरं का?

बायूकाठचा_बाब्या
रविवार, संध्याकाळी ७:०५

लागतो हे खरं. सूडकथा खोटी वाटते. ट्राउटची अंडी पाण्यावर तरंगतात आणि क्रोकर तळाला तोंड घालून खाणारा. तो कधी खाणार आणि हा कधी चिडणार? माझं मत, क्रोकरही याच कुळातला, गळावर लागला की कुरकुरतो, आणि त्या आवाजाने ट्राउट येतो. इथल्या जुन्या लोकांना मात्र क्रोकर लावणं म्हणजे कॉपी करून पास होणं वाटतं. त्यावर बारमध्ये मारामाऱ्या होतात.

दर्यासारंग_नाय
रविवार, रात्री ८:१५

म्हणजे भावाक धरूक भाऊच लावतत. अमेरिकेतय तेच.

निवृत्त_गुरुजी
रविवार, रात्री ८:४०

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. माझा मूळ प्रश्न तसाच आहे, पण आता आणखी एक. खाडीकाठ, नातवाला सुट्टीत डॅलसहून तुमच्याकडे पाठवायचं म्हटलं तर पाण्यात उतरण्यात धोका किती?

खाडीकाठ
रविवार, रात्री ९:२०

गुरुजी! अवश्य पाठवा. बोटीची गरज नाही, टेक्सास सिटीचा बांध खाडीत पाच मैल गेलाय, त्यावर गाडी नेऊन दगडांवरून गळ टाकता येतो.

पाण्यात उतरायचंच असेल तर तीन गोष्टी. पाखट (स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा) वाळूत दडलेलं असतं, म्हणून पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे ते आपणहून सरकतं. अंगावर ताजी जखम असेल तर उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात जायचंच नाही, व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो आणि तो एका दिवसात पाय घालवू शकतो. माझी पोटरी कापली तेव्हा नोव्हेंबर होता म्हणून आणि लगेच धुतली म्हणून निभावलं. आणि गॅल्व्हेस्टन बेटाच्या पश्चिम टोकाच्या सॅन लुईस पासला पाण्यात पाऊल टाकायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. तिथे वाळू पायाखालून निघते आणि ओढ जीवघेणी आहे, दर काही वर्षांनी माणसं जातात.

नातू सतराच्या आतला असेल तर परवान्याचे पैसेही वाचतील.

टेक्सासची_सून
रविवार, रात्री ९:४५

शनिवारी तुम्ही कुठे असणार? नागपूरकराला मी पटवलंय. पहाटे उठायला तयार नाही, पण गाडीत झोपून यायला तयार आहे.

खाडीकाठ
रविवार, रात्री १०:०२

वारा बघतो आणि गुरुवारी सांगतो. आत्ताच्या अंदाजात शनिवारी आग्नेयेचा हलका दिसतोय, तसंच राहिलं तर बांधावर, पहाटे पाचला. जिवंत कोळंबी मी आणतो.

टेक्सासची_सून
रविवार, रात्री १०:०८

तिरफळं माझ्याकडे आहेत, सासूबाईंनी... नाही, आईने पाठवलेली, सासूबाईंना तिरफळ माहीतच नाही. तांदूळही भिजवून आणू का? तिथेच चूल मांडू.

खाडीकाठ
रविवार, रात्री १०:१५

आणा. पण येताना त्या आशियाई दुकानातून दोन क्रोकरही घेऊन ठेवा.